नाशिकच्या बंगल्यासाठी डक्टचा सेंट्रल एसी की खोलीगणिक स्प्लिट?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत चौदा वर्षे राहून आपण सहकुटुंब परत येत आहात. नाशिकला गंगापूर रोडलगत दोन मजली, सुमारे २४०० चौरस फुटांच्या बंगल्याचे काम सुरू आहे, तळमजल्याचे कॉलम उभे राहिले आहेत आणि पहिला स्लॅब महिन्याभरात पडेल. तिथल्या घरात होता तसाच सेंट्रल एसी इथेही असावा, अशी आपली इच्छा आहे. एका विक्रेत्याने साडेआठ टनांच्या (टन हे थंड करण्याच्या क्षमतेचे माप) डक्टेबलचे, म्हणजे एकाच यंत्राची थंड हवा डक्टमधून, छतातल्या बंदिस्त वाटेने, खोल्याखोल्यांत नेणाऱ्या एसीचे अंदाजपत्रक दिले आहे, तर वास्तुविशारद म्हणतात की प्रत्येक खोलीत स्प्लिट लावून मोकळे व्हा. तळमजल्यावरच्या खोलीत आपले आई-वडील राहणार आहेत आणि वडिलांना दम्याचा त्रास आहे.

गेली सव्वीस वर्षे मी वातानुकूलनाची कामे करतो, त्यात बंगले बरेच आहेत. माझे मत आधी सांगतो आणि कारणे नंतर देतो. दिवाणखाना आणि जेवणघर या एका सलग जागेला तीन टनांच्या आसपासचे, छतात लपणारे छोटे डक्टेबल यंत्र घ्यावे. निजण्याच्या चारही खोल्यांना स्वतंत्र इन्व्हर्टर स्प्लिट, म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग बदलणारे, लावावेत. आणि आई-वडिलांच्या खोलीत गाळलेली ताजी हवा आणणारा एक लहान पंखा वेगळा बसवावा. संपूर्ण घरासाठी एकच यंत्र आणि एकच डक्ट हा बेत मात्र आपण सोडून द्यावा.

न्यू जर्सीत आपल्याला जे सुख मिळत होते ते खोटे नव्हते, पण ते तिथल्या घराच्या रचनेतून आलेले होते. तिथे बहुतेक घरांत तळघरात गॅसची भट्टी असते आणि हिवाळ्यात तापवलेली हवा डक्टमधून खोल्याखोल्यांत जाते. उन्हाळ्यासाठी त्याच भट्टीवर थंड कॉइल बसवतात, बाहेर कॉम्प्रेसर ठेवतात आणि ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा) व डक्ट तेच वापरतात. म्हणजे डक्टचा खर्च हिवाळ्याने आधीच सोसलेला असतो आणि थंडाव्याला तो जवळजवळ फुकट मिळतो. त्याच भागातल्या ज्या जुन्या घरांत वाफेचे किंवा गरम पाण्याचे रेडिएटर आहेत आणि डक्ट मुळातच नाही, तिथे अमेरिकन माणूसही डक्टविना चालणारे स्प्लिटच लावून घेतो. आपल्या नाशिकच्या घरात भट्टी नाही, तळघर नाही, आणि डक्ट टाकलाच तर त्याला स्वतःचा खर्च उन्हाळ्याच्या तीन महिन्यांतच वसूल करून द्यावा लागेल.

हे तीन महिने तरी कसे आहेत ते पाहू. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा चाळिशीला टेकतो, पण सूर्य मावळल्यावर बाहेरची हवा झपाट्याने उतरते आणि पहाटे खिडकी उघडली तर एसीची आठवणही होत नाही. त्रास देतो तो दिवसभर तापलेला स्लॅब, पण त्याविषयी पुढे लिहितो. पावसाळ्यात उकाडा कमी आणि ओल जास्त असते, तर ऑक्टोबरच्या उन्हाचे दिवस मोजकेच असतात. तेव्हा एक खोली वर्षाला साधारण नव्वद रात्री, रात्रीचे आठ तास, म्हणजे सुमारे ७२० तास थंड करावी लागेल, असे धरू. एसीवरच्या स्टार-लेबलावर वर्षाच्या युनिटांचा जो आकडा छापलेला असतो, तो १६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो. त्यामुळे नाशिकमध्ये पंचतारांकित यंत्रासाठी मोजलेले जादा पैसे वसूल व्हायला मुंबईपेक्षा कितीतरी अधिक वर्षे लागतात. आई-वडिलांच्या आणि आपल्या खोलीत पाच स्टारचे यंत्र जरूर घ्यावे, पाहुण्यांच्या खोलीत तीन स्टारचे पुरे.

आता खरा प्रश्न असा, की आपल्या घरात एका वेळी किती खोल्या थंड लागतात? अमेरिकेत दारे उघडी असतात, माणसे घरभर वावरतात आणि यंत्र दिवसरात्र चालू असते. आपल्याकडे दुपारी आई-वडील एका खोलीत पडतात, संध्याकाळी सगळे दिवाणखान्यात असतात आणि रात्री दोन किंवा तीन खोल्यांची दारे बंद होतात. स्वयंपाकघरात तर कोणी एसी मागतच नाही, फोडणीचा धूर बाहेर काढण्याचीच तिथे घाई असते. रात्री दोन खोल्यांतले दीड टनी इन्व्हर्टर स्प्लिट स्थिरावल्यावर सरासरी पाऊण किलोवॉटपेक्षा कमीच वीज घेतात. दोन्हींचे मिळून रात्रीला दहा-अकरा युनिट आणि महिन्याला सव्वातीनशेच्या आसपास युनिट होतील. साडेआठ टनांचे एकच यंत्र मात्र रिकामा दिवाणखाना, जिना आणि मधला पॅसेज हे सगळे थंड करीत राहील. त्याची रात्रीची सरासरी चार किलोवॉट जरी धरली तरी महिन्याला साडेनऊशे युनिट होतात. हे आकडे अंदाजाचे आहेत, पण प्रमाण एकास तीनचे आहे आणि त्यात वीस-पंचवीस टक्के इकडेतिकडे झाले तरी निर्णय बदलत नाही. शिवाय घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो आणि पाचशेच्या वरचे प्रत्येक युनिट सर्वांत महागड्या टप्प्यात पडते.

यावर विक्रेता म्हणेल की डक्टमध्ये खोलीगणिक झडपा बसवू आणि नको त्या खोलीची हवा बंद करू. सांगायला हे सोपे आहे. टनामागे मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा कॉइलवरून वाहावी लागते. पाचांपैकी तीन झडपा मिटल्या की तेवढी हवा जायला वाट राहत नाही, डक्टमधला दाब वाढतो, उरलेल्या जाळ्या शिट्ट्या मारू लागतात आणि हवा कमी पडली की कॉइलवर बर्फ धरतो. यावर उपाय आहेत, पण त्यासाठी वेग बदलणारा ब्लोअर, कॉम्प्रेसरशी बोलणारी नियंत्रणे आणि ते सगळे नीट जुळवून देणारा माणूस असे तिन्ही एकत्र लागतात. यंत्र मिळते, माणूस मिळत नाही, असा माझा अनुभव आहे.

त्याहून साधी एक गोष्ट बंगल्यांत सर्रास चुकते. डक्टने खोलीत हवा सोडली तर तेवढीच हवा परत जायलाही वाट हवी. बहुतेक ठिकाणी परतीची जाळी एकच आणि तीही पॅसेजमध्ये असते. खोलीचे दार लावले की आत हवा कोंडते, दाराखालच्या फटीतून वारा सुटतो आणि जाळीतून येणारा थंड झोत मंदावतो. अशा घरात गेलो की मी दार हळूच लोटून पाहतो. दार पॅसेजकडे उघडणारे असेल तर शेवटच्या दोन इंचांत ते हाताला उलटे ढकलते, आणि खोलीत उघडणारे असेल तर आपोआप आपटते. दाराखाली कागदाचा कपटा धरला तर तो आडवा होतो. घरमालक सांगतात की एसीत गॅस कमी आहे, दर वर्षी कोणीतरी येऊन गॅस भरून जातो आणि दुखणे तसेच राहते. आपल्याला डक्ट टाकायचाच असेल तर प्रत्येक खोलीतून परतीचा वेगळा मार्ग काढावा लागेल, म्हणजे छतात दुप्पट गर्दी होईल.

छताचा हिशेब तर मी आपल्याकडून कागदावरच करून घेतला असता. फरशीपासून स्लॅबच्या तळापर्यंत साडेनऊ फूट आहेत असे आपण कळवले आहे. बीम १८ इंचांचे आहेत, त्यातला पाच इंचांचा स्लॅब वजा केला तर बीम खाली १३ इंच लोंबतो आणि त्याखाली आठ फूट पाच इंच उरतात. त्याखालून दहा इंच उंचीचा डक्ट नेला आणि त्यावर इन्सुलेशन, टांगणीचे सळे, फॉल्स सीलिंगची चौकट व बोर्ड यांचे चार इंच धरले, तर डोक्यावर सव्वासात फूट राहतात. राष्ट्रीय बांधकाम संहिता वातानुकूलित खोलीतही डक्टच्या किंवा फॉल्स सीलिंगच्या तळापर्यंत २.४ मीटर, म्हणजे पावणेआठ फुटांहून थोडी अधिक उंची मागते. तेव्हा डक्टने बीम ओलांडायचा असेल तर एक तर बीममध्ये आधीच भोक ठेवावे लागेल, आणि ते कुठे व केवढे हे फक्त स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवावे, किंवा मजल्याची उंचीच वाढवावी लागेल. स्लॅब पडल्यावर बीमला कोअर कटिंग करू, म्हणजे यंत्राने भोक पाडू, असे जो कोणी सांगेल त्याला पुन्हा साइटवर बोलावू नये. दिवाणखाना व जेवणघर यांच्या मध्ये आपल्या आराखड्यात बीम नाही, म्हणून तिथे डक्ट बसतो. माझ्या शिफारशीतले अर्धे शहाणपण एवढ्या एका गोष्टीवर उभे आहे.

डक्टची बाजूही मांडली पाहिजे. मोठ्या जागेत डक्टची हवा स्प्लिटपेक्षा निःसंशय चांगली पसरते. भिंतीवरच्या स्प्लिटचा झोत समोरच्या सोफ्यावर बसलेल्याच्या मानेवर पडतो आणि कोपऱ्यातला माणूस घामेजतो. डक्टच्या लांबट जाळ्यांतून हवा छतालगत सरकत जाते आणि सावकाश खाली उतरते. यंत्र दिसत नाही आणि आवाजही कमी येतो, मात्र डक्टमधला वेग आवाक्यात ठेवला तरच. मुख्य डक्टमध्ये सेकंदाला साडेचार मीटरच्या वर गेलात की हवा बोलू लागते. जाड, धूळ खरोखर अडवणारी गाळणी डक्टच्या यंत्रात बसते, स्प्लिटच्या पुढच्या जाळीत फक्त कचरा आणि केस अडकतात. अमेरिकेत डक्टच्या सांध्यांतून वीस ते तीस टक्के हवा वाया जाते, असे तिथली सरकारी ऊर्जा-योजनाच सांगते. आपल्याकडे सांधे सील न करता वरून काळे इन्सुलेशन चढवले की गळती दिसतच नाही. म्हणून इन्सुलेशन चढवण्याआधी सगळे सांधे सीलंटने भरून घ्यावेत आणि ब्लोअर चालू करून प्रत्येक सांध्यावरून ओला हात फिरवावा. कंत्राटदार कंटाळतील, तरी करावे.

स्प्लिटची एक मर्यादा विक्रीच्या वेळी कोणी सांगत नाही. तो बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा पुन्हापुन्हा थंड करतो. दोन माणसे बंद खोलीत रात्रभर झोपली की बाहेर जो कार्बन डायऑक्साइड दशलक्षात सव्वाचारशे भागांच्या आसपास असतो, तो पहाटेपर्यंत खोलीत दोन हजारांच्या वर सहज जातो. सकाळी डोके जड होते आणि बोल लावला जातो एसीच्या गारव्याला. आपल्या वडिलांच्या दम्याचा विचार करता त्यांच्या खोलीसाठी मी वेगळा पंखा सुचवतो तो यासाठीच. चार इंची पाइप, बाहेरच्या तोंडाशी कीटकजाळी, आत गाळणीची पेटी आणि मिनिटाला तीस-चाळीस घनफूट हवा देणारा इनलाइन पंखा, एवढीच ही सोय आहे. तोंड रस्त्याच्या किंवा पार्किंगच्या बाजूला नको, आणि गाळणी स्टुलावर न चढता काढता आली पाहिजे, नाही तर ती वर्षानुवर्षे कोणी धूत नाही. कोणती गाळणी त्यांना मानवते हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. याच खोलीतला स्प्लिट गरम हवाही देणारा, म्हणजे हॉट अँड कोल्ड, घ्यावा. नाशिकजवळच्या निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याच्या बातम्या आपण तिकडेही वाचत असाल, आणि जानेवारीत तळमजला बोचरा गार पडतो.

मग एकाच आउटडोअरवर, म्हणजे बाहेरच्या एकाच यंत्रावर, खोल्यांतली पाच इनडोअर का नकोत, हे आपण विचारलेच आहे. अशी रचना म्हणजे डायकिन कंपनीने १९८२ साली आणलेली व्हीआरव्ही आणि तिच्या धर्तीवर आज सगळेच विकतात ती व्हीआरएफ पद्धत. ती मोठ्या कार्यालयांसाठी उत्तम आहे. गच्चीवरची जागा वाचते आणि इमारतीचा दर्शनी भाग मोकळा राहतो. बंगल्यात मात्र रात्री एकच खोली चालू असताना मोठ्या आउटडोअरला फार खालच्या भारावर चालावे लागते आणि तिथे त्याची कार्यक्षमता घसरते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कंट्रोल कार्ड गेले तर ऐन मे महिन्यात पाचही खोल्या एकदम बंद पडतात आणि सुटा भाग येईपर्यंत थांबावे लागते. स्वतंत्र स्प्लिटपैकी एक बंद पडला तर आई-वडील आठ दिवस शेजारच्या खोलीत झोपतील. आपल्याकडे वेगवेगळी आउटडोअर ठेवण्याइतकी गच्ची आहे, तेव्हा हा खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. कबुतरांसाठी आउटडोअरभोवती जाळी लावाल, पण ती पंख्याच्या तोंडाला चिकटवू नये. गरम हवा परत फिरली की यंत्र गुदमरते.

टनेजविषयी. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू (उष्णतेचे एकक) उष्णता बाहेर फेकण्याची क्षमता, आणि हे नाव जुन्या बर्फाच्या धंद्यातून आले आहे: दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी. दीडशे चौरस फुटांना दीड टन, असा बाजारातला ठोकताळा असतो. वरच्या मजल्यावरची, पश्चिमेला भिंत असलेली खोली त्यात बसतेही. तळमजल्यावरची, पूर्वेची, वर दुसरी खोली असलेली तेवढीच खोली एका टनात आरामात भागते. यंत्र गरजेपेक्षा मोठे घेतले तर खोली लवकर गार होते, कॉम्प्रेसर मंदावतो आणि पावसाळ्यात हवेतली ओल तशीच राहते. अंगाला गार पण चिकट वाटते. म्हणून खोलीनिहाय उष्णताभाराचे गणित लेखी मागावे. त्याआधी वरच्या स्लॅबचा बंदोबस्त करावा. दुपारचे ऊन स्लॅबमधून खाली झिरपायला काही तास लागतात, त्यामुळे छत खोलीत सर्वाधिक आग ओकते ते संध्याकाळी आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरी, नेमके आपण झोपायला जातो तेव्हा. ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि त्यावर पांढरी चायना मोझॅक हा आपल्याकडचा जुना उपाय आजही पैशाला जागतो. त्याखाली इन्सुलेशनचा थर घातला तर वरच्या खोल्यांचा अर्धा-अर्धा टन कमी होऊ शकतो.

ड्रेनविषयी, म्हणजे एसीत जमणारे पाणी बाहेर नेणाऱ्या नळीविषयी, मी थोडे लांबण लावणार आहे, कारण माझी स्वतःची सर्वांत लाजिरवाणी चूक तिथली आहे. पहिल्या काही वर्षांत एका बंगल्यात मी छतात लपणारे यंत्र बाथरूमच्या माळ्यावर बसवले. सीलिंगवाल्याने खालून पीओपी सफाईदार मारून घेतले आणि तपासणीचे झाकण ठेवायचे राहून गेले. ठेवायला सांगणे हे काम माझे होते. दुसऱ्या पावसाळ्यात ट्रेमध्ये शेवाळाचा चिकट थर धरला, नळी तुंबली आणि पॅसेजच्या छतावर चहाच्या रंगाचा, भाकरीएवढा डाग उमटला. दमट दिवसात दीड टनी यंत्रसुद्धा तासाला लिटरभर पाणी सहज काढते. मला दोन फूट छत कापावे लागले आणि रंगाचा खर्च अर्थातच मी भरला. तेव्हापासून ड्रेनला दहा फुटांना किमान सव्वा इंच उतार, छतातल्या यंत्राखाली दुसरा ट्रे आणि दीड फूट चौरस झाकण यांवाचून मी काम हाती घेत नाही. हा ड्रेन बाथरूमच्या मैलवाहिनीला थेट जोडू देऊ नये; उन्हाळ्यात पाण्याचा ट्रॅप (नळीतले वास अडवणारे पाण्याचे वळण) सुकतो आणि वास खोलीत येतो.

आपले अलिबागचे जुने घर आहे, तिथेही हेच करावे का, असे आपण ओघात विचारले आहे. तिथे डक्ट अजिबात नको. जूनमध्ये किनाऱ्यावर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन जमते ते तापमान, पंचवीस अंशांच्या आसपास असतो, डक्टमधली हवा त्याहून दहा-बारा अंश थंड असते, आणि इन्सुलेशनला जिथे चीर असेल तिथे डक्ट घामेजून बुरशी धरते. लहान स्प्लिट लावावेत आणि आउटडोअर समुद्राच्या वाऱ्याच्या आडोशाला ठेवावेत.

नाशिकला आता स्लॅबपूर्वी काय करायचे ते सांगतो. चारही खोल्यांच्या इनडोअरच्या जागा आजच नक्की कराव्यात आणि प्रत्येकीपासून गच्चीपर्यंत तांब्याच्या नळ्या नेण्यासाठी एकच उभा शाफ्ट ठेवावा. स्लॅबमधून वर जाणारे चार इंची स्लीव्ह (नळ्यांसाठी ठेवायचे पाइपचे तुकडे) शटरिंगच्या वेळीच बसवून घ्यावेत. प्लॅस्टरपूर्वी भिंतीत झिरी मारून नळ्या गाडल्या तर भिंतीच्या आत एकही सांधा नसावा. नळ्यांत नायट्रोजन ४०० पीएसआयच्या (दाबाचे माप) वर भरून चोवीस तास काटा हलत नाही, हे स्वतः पाहूनच भिंत बुजवू द्यावी. यंत्र जोडताना व्हॅक्यूम पंप लावून मायक्रॉन गेजवर (नळ्यांत उरलेल्या हवेचा दाब मोजणाऱ्या मीटरवर) ५०० च्या खाली आकडा दाखवायला सांगावे. एसीत भरला जाणारा आर-३२ गॅस किंचित ज्वलनशील आहे, त्यामुळे गॅस सोडून हवा बाहेर ढकलण्याची जुनी खोड असलेला कारागीर नको. वीजजोडणी थ्री फेज मागावी आणि प्रत्येक एसीला स्वतःची तार व स्वतःचा एमसीबी ठेवावा.

आणि स्लॅब टाकण्याच्या आदल्या दिवशी इलेक्ट्रिशियनबरोबर शटरिंगवर चढून प्रत्येक खोलीच्या मध्यावर फॅनबॉक्स (पंखा टांगण्याचा लोखंडी डबा) बांधला आहे की नाही ते मोजून घ्या, दिवाणखान्यातसुद्धा. फॉल्स सीलिंग करणारे म्हणतील की एसी असताना पंखा कशाला. पण पंखा मंद फिरत असेल तर एसी २६ किंवा २७ अंशांवर ठेवून झोप लागते, आणि मार्च व जूनमधल्या कित्येक रात्री आपले वडील एसी बंद करून पंखाच मागतील.